आडवी लावलेली गाडी आणि न सांगितलेली वेळ

प्रश्न (पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत) :

लातूरला औसा रोडच्या बाजूला आमची बारा फ्लॅटची बिल्डिंग आहे. खालच्या पार्किंगमध्ये आठ जागा आखलेल्या आहेत आणि गाड्याही आठच. मी औशाला एका खासगी लॅबमध्ये रक्तनमुने घेण्याचं काम करते. सकाळी पावणेसातच्या आत निघावंच लागतं. उपाशीपोटी तपासणीचे पेशंट सात-सव्वासातपासून येऊन बसलेले असतात.

माझी जागा भिंतीला लागून, सगळ्यात आत आहे. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक काका त्यांची गाडी माझ्या गाडीमागे आडवी लावतात. मागच्या उन्हाळ्यातही लावायचे, पण तेव्हा जुनी गाडी न्यूट्रलमध्ये असायची. वॉचमन आणि मी मिळून ती ढकलून बाजूला करायचो. दिवाळीत त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती जागची हलत नाही. पावसाळ्यात आणि थंडीत ते पलीकडे लावायचे, त्यामुळे काही वाटलं नाही. फेब्रुवारीत टँकर सुरू झाले, हौदाजवळची जागा मोकळी ठेवायला लागले, आणि काकांची गाडी पुन्हा माझ्या मागे आली. आता रोज सकाळी त्यांची बेल वाजवायची, "काका, जरा गाडी काढता का?" म्हणायचं, ते पूजा आटोपून खाली येईपर्यंत थांबायचं. कामावर उशीर होतो, बोलणी खावी लागतात.

ही जागा आम्ही 2019 मध्ये फ्लॅटसोबत बिल्डरला वेगळे दोन लाख मोजून घेतली आहे. पावती आहे. मी स्वतः कुणाला त्रास होऊ देत नाही. गाडी जुनी, गिअरची आहे, ती माझ्या जागेतच असते. मुलीची क्लासला जायची स्कूटीसुद्धा जिन्याखाली मीटरच्या पेट्यांना टेकून लावते, म्हणजे कुणाची जागा अडत नाही.

नवरा म्हणतो, शेजाऱ्याशी वाकडं घेऊ नको, तुझ्या बाळंतपणात काकूंनी दीड महिना डबे दिलेत. मी मात्र आता ठरवलंय. एकतर गाडीचा फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकायचा, नाहीतर एक दिवस माझी गाडी त्यांच्या मागे लावून किल्ली घेऊन निघून जायचं. चूक ते करतात, मग बोलायची लाज मला का वाटते?

उत्तर :

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. ज्यांच्या घरून बाळंतपणात डबे आले, त्यांना दारात उभं राहून सुनवायचं, हे तुमच्याच्यानं होत नाहीये. त्यात कमीपणा काही नाही. पण सुनावणं आणि सांगणं या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत मिसळल्या आहेत. सुनवायचं नाही म्हणून तुम्ही सांगितलंही नाही. आणि न सांगितलेलं साचत साचत आता फोटो काढण्यापर्यंत येऊन पोचलंय.

आजवर तुम्ही काकांना नेमकं काय म्हणालात, ते पत्रात आहे. "काका, जरा गाडी काढता का?" हे वाक्य त्या सकाळपुरतं आहे. उद्याबद्दल ते काहीच बोलत नाही. काकांच्या बाजूनं पाहा. शेजारची मुलगी येते, गाडी काढायला सांगते, आपण पूजा आवरून खाली जातो, गाडी काढतो. कधी नाही म्हटलेलं नाही, कधी कपाळाला आठी घातलेली नाही. त्यांच्या हिशेबी हे ठरल्यासारखं चाललंय आणि नीट चाललंय. औशाला खेड्यापाड्यांतून पहिल्या एसटीनं आलेली मधुमेहाची म्हातारी माणसं रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नसताना बाकावर बसलेली असतात, हे त्यांना कोण सांगणार? निवृत्त माणसाच्या घड्याळात सकाळची पंधरा मिनिटं फार मोठी नसतात. तुमच्या घड्याळात ती किती मोठी आहेत, हे तुम्ही त्यांना कळू दिलेलं नाही. "त्यांना कळत असूनही ते असं करतात" हे तुम्ही गृहीत धरलंय. मला पत्रात त्याचा पुरावा सापडला नाही.

उलट दुसरंच काहीतरी सापडलं. जागा आठ, गाड्या आठ. फेब्रुवारीपासून हौदाजवळची एक जागा टँकरसाठी मोकळी ठेवायची ठरली. म्हणजे जागा उरल्या सात. आठवी गाडी कुठे जाणार, हे कुणी ठरवलं का? एरवी काका "पलीकडे" लावायचे असं तुम्ही लिहिता. ते पलीकडे म्हणजे हौदाजवळच तर नव्हे? तसं असेल, तर बारा घरांच्या पाण्यासाठी काकांनी आपली जागा सोडली आहे आणि त्याचा भार रोज सकाळी एकट्या तुमच्यावर पडतो आहे. बाकीची दहा घरं निवांत आहेत. मी इथे बसून हे खात्रीनं सांगू शकत नाही, तुम्ही खाली जाऊन बघा. पण अंदाज बरोबर निघाला, तर हे भांडण तुमचं आणि काकांचं उरतच नाही. बिल्डिंगनं एक अर्धवट निर्णय घेतला आणि उरलेला अर्धा तुम्हा दोघांवर सोडून दिला, एवढंच ते आहे.

टँकरची वाट मोकळी ठेवण्याबद्दल लातूरकरांना काही सांगायची गरज नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी, तो उन्हाळा आपण विसरलेलो नाही. 10,000 लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच 10 टन. एवढं धूड पार्किंगच्या तोंडाशी मागेपुढे करत बसवता येत नाही. एक गाडी आडवी असली की ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, पाच मिनिटं थांबतो आणि पुढच्या बिल्डिंगला निघून जातो. म्हणून हौदाजवळची जागा मोकळी ठेवण्याचा निर्णय योग्यच आहे. चुकलं ते फक्त त्यापुढचं.

आता पावतीकडे येऊ. हे वाचून तुम्हाला कदाचित वाईट वाटेल, पण मीटिंगमध्ये कुणीतरी अचानक सांगण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. फ्लॅटसोबत बिल्डरला वेगळे पैसे देऊन पार्किंग "विकत" घेतलेली हजारो कुटुंबं महाराष्ट्रात आहेत. सर्वोच्च न्यायालयानं 31 ऑगस्ट 2010 रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या प्रकरणात स्पष्ट केलं की, खांबांवरच्या बिल्डिंगखालचं पार्किंग हा सामायिक भाग आहे, बिल्डरला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही. हा निकाल 1963 च्या महाराष्ट्रातल्या फ्लॅटविषयक कायद्याखालचा. पुढे 2016 च्या रेरा कायद्यानं, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राच्या कायद्यानं, उघड्या पार्किंगची जागा सामायिक क्षेत्रात धरली. झाकलेल्या पार्किंगचा व्यवहार झाला असेल, तर तो नोंदणीकृत करारनाम्यात दिसायला हवा. नुसत्या पावतीवर भिस्त ठेवू नका. महारेरानं, म्हणजे त्या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणानं, तर एप्रिल 2024 मध्ये नव्या प्रकल्पांना सांगितलं की, पार्किंगची जागा आणि तिची लांबी, रुंदी, उंची करारनाम्यासोबतच द्या, कारण खांब मध्ये आल्यानं गाडी लागत नाही, दार उघडत नाही अशा तक्रारी येत होत्या. तेव्हा करारनामा काढा आणि त्यात पार्किंगबद्दल काय लिहिलंय ते आज वाचून घ्या.

पण ताई, मीटिंगमध्ये पावती काढू नका. तुम्ही पावती काढली की तिसऱ्या मजल्यावरचे त्यांची काढतील, ज्यांच्याकडे पावतीच नाही ते बिल्डरनं तोंडी काय कबूल केलं होतं ते सांगतील, आणि सकाळी पावणेसातला बाहेर पडायचा तुमचा साधा प्रश्न मालकी हक्काच्या चिखलात रुतून बसेल. तुम्हाला बाहेर पडू देणं हे मालकीवर अवलंबून नाहीच. उद्या ती जागा कायद्यानं सगळ्यांची ठरली, तरी तिथे लावलेली गाडी कुणी कोंडून ठेवू शकत नाही. तुमची बाजू पावतीपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

फोटोचं म्हणाल, तर ग्रुपवर काकांच्या गाडीचा नंबर दिसणारा फोटो पडला की तो पुण्या-मुंबईत असलेली त्यांची मुलंही बघणार. ज्यांनी आयुष्यभर वर्गात शिस्त लावली, त्यांना बारा घरांसमोर बेशिस्त ठरवलं जाईल. त्यानंतर गाडी निघेलही, पण काकू जिन्यात भेटल्या तर बोलतील का? ग्रुप आहे तो "उद्या सकाळी सातला टँकर येणार आहे, गेटजवळच्या गाड्या काढून घ्या" असल्या निरोपांसाठी. एका माणसाची चूक तिथे मांडायची नसते, ती त्या माणसाला सांगायची असते.

त्यांच्या मागे गाडी लावून किल्ली घेऊन जाण्याबद्दल मी जास्त कडक बोलणार आहे. हे करू नका. तुम्ही औशाला पोचलेल्या असाल आणि इथे काकूंच्या छातीत दुखायला लागलं, तर? 108 ची ॲम्ब्युलन्स येईल, पण ती येईपर्यंत घरच्या गाडीतून निघावं असं कुणालाही वाटेल, आणि ती गाडी तुम्ही कोंडून ठेवलेली असेल. अद्दल नेमकी कोणत्या दिवशी आणि कुणाला घडेल, हे आपल्या हातात नसतं. काही वाचक याच रागात चाकातली हवा सोडल्याचं किंवा दारावर किल्लीनं ओरखडा काढल्याचं लिहितात. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करणं हा गुन्हा आहे. शिवाय तोवर ज्याची चूक होती तो सुटतो आणि तुम्ही अडकता.

मग करायचं काय? मला यात एक सरळ वाट दिसते, फक्त तुम्हाला ती आधी थोडी टोचेल. या टँकरच्या महिन्यांपुरती काकांशी जागा बदला. त्यांची गाडी आत, भिंतीला लागून. तुमची बाहेर, आडवी.

का, ते सांगते. ऑटोमॅटिक गाडी "पी" वर, म्हणजे पार्किंगच्या खुणेवर, ठेवली की गिअरबॉक्सच्या आत एक खटका अडकतो आणि चाकं फिरत नाहीत. ढकलून ती हलणार नाही, जोर लावला तर त्या खटक्यावर ताण मात्र येतो. काही गाड्यांत हा खटका सोडवून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची सोय असते, पण बऱ्याच नव्या गाड्या बंद केल्या की आपणहून "पी" वर जातात, आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर तोही लागतो. इलेक्ट्रिक गाड्यांचंही बहुधा असंच. काकांनी मुद्दाम काही केलेलं नाही. मागच्या वर्षी जी सवय कुणाला अडचणीची नव्हती, तीच यंदा गाडी बदलल्यामुळे अडचणीची झाली, आणि ते बहुतेक त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. तुमची गाडी गिअरची आहे. ती बाहेर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना दगड ठेवून उभी राहू शकते. काकांना संध्याकाळी कुठे जायचं झालं, तर वॉचमनला हाताशी घेऊन ते ती ढकलून बाजूला करू शकतात. तुम्हाला सकाळी कुणाची बेल वाजवावी लागणार नाही. मागच्या वर्षी तुम्ही गाडी ढकलत होता म्हणजे फरशी सपाट असणार, तरी एकदा खात्री करून घ्या. जरासा उतार असला तरी हँडब्रेक न लावलेली गाडी तिथे ठेवायची नाही. लहान मुलं पार्किंगमध्येच खेळतात.

जो लवकर निघतो त्यानं बाहेर, जो उशिरा निघतो त्यानं आत. ढकलता येणारी गाडी बाहेर, न येणारी आत. दोन्ही कसोट्यांवर तुमची गाडी बाहेर यायला हवी, आणि तरी आजवर ती आतच राहिली, कारण ती "आमची जागा" होती. दोन लाख मोजलेली जागा चार महिने दुसऱ्याला द्यायची, हे जड जाईल हे मला समजतं. पण तुम्हाला त्या जागेकडून हवं काय होतं? गाडी लागावी आणि वेळेवर निघावी, एवढंच ना? आत राहून ते मिळत नाहीये.

हवं तर हे चार महिन्यांचंच आहे, असं दोघांत आधी बोलून घ्या. एका चिठ्ठीवर तारीख लिहून दोघांनी एकेक ठेवली तरी चालेल. जवळच्या माणसांशी लिहून ठेवणं आपल्याकडे परकेपणाचं समजतात. मला ते पटत नाही. लिहिलेलं असलं की पुढे आठवणींवरून वाद होत नाही.

किल्ल्यांचंही ठरवा. तुमची जादा किल्ली काकूंकडे आणि त्यांची तुमच्याकडे, हा सगळ्यात सोपा उपाय. डब्यांइतका विश्वास तुमच्यात आधीपासून आहेच. फक्त गाडी हलवणाऱ्याकडे लायसन्स हवं. पुष्कळ बिल्डिंगमध्ये किल्ल्या वॉचमनकडे ठेवतात आणि तोच गाड्या काढतो-लावतो. त्याच्याकडे लायसन्स नसेल आणि धडक झाली, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि बिचाऱ्याच्या आठ-दहा हजारांच्या पगारावर ते ओझं येतं. हे कुणी आधी बघत नाही.

आता बोलायचं कधी आणि कसं. सकाळी किल्ली हातात धरून दारात उभं राहून नाही. त्या वेळी तुम्ही घाईत असता आणि ते पूजेत. संध्याकाळी चहाच्या वेळी जा, नवऱ्यालाही सोबत न्या. "वाकडं घेऊ नको" म्हणणाऱ्या माणसाला सरळ बोलणं कसं असतं ते दिसू द्या. आधी तुमची वेळ सांगा: "काका, मला रविवार सोडून रोज पावणेसातच्या आत निघावं लागतं. औशाला उपाशीपोटी पेशंट बसलेले असतात. उशीर झाला की त्यांचे हाल होतात आणि मला बोलणी बसतात." मग विचारा, मनापासून विचारा: "फेब्रुवारीपासून तुमची जागा टँकरमुळे गेली का?" हा प्रश्न विचारायला विसरू नका. कदाचित इतक्या दिवसांत त्यांना हे विचारणारी तुम्ही पहिली असाल. त्यानंतर जागा बदलायचं सुचवा. माझा अंदाज आहे, ते म्हणतील, "अगं, मग आधी नाही का सांगायचं?" ते ऐकून चिडू नका.

समजा ते नाहीच म्हणाले. मग संकोच बाजूला ठेवा आणि चेअरमन-सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. तक्रारीच्या सुरात नाही, मागणीच्या सुरात: टँकरच्या महिन्यांत आठव्या गाडीची सोय मीटिंगमध्ये ठरवावी. तुमची बिल्डिंग सहकारी सोसायटी म्हणून नोंदलेली आहे की अपार्टमेंट म्हणून, ते आधी विचारून घ्या. आपल्याकडे 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या इमारतीही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे नियम त्यांच्या घोषणापत्रासोबतच्या उपविधींत, म्हणजे इमारतीच्या नियमावलीत, असतात. सोसायटी असेल तर सहकार खात्याच्या आदर्श उपविधींमध्ये पार्किंगसाठी वेगळी कलमंच आहेत. धोरण सर्वसाधारण सभेनं ठरवायचं. एका सभासदाला साधारणपणे एकच जागा, दुसरी फक्त शिल्लक असेल तर. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप. शुल्क किती ते सभाच ठरवते. समितीनं काहीच केलं नाही तर पुढे सहकार खात्याच्या उपनिबंधकांचं कार्यालय आहे. तुमच्या बाबतीत तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही, पण तो दरवाजा आहे हे माहीत असावं.

आणि ताई, एक गोष्ट तुमच्याबद्दल. स्कूटी जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांना टेकून. तुम्ही ती कुणाला त्रास नको म्हणूनच तिथे लावता, हे पत्रातून स्पष्ट दिसतं. पण बिल्डिंगमधल्या सगळ्यात धोक्याच्या जागी नेमकी पेट्रोलची टाकी उभी आहे. मीटरच्या पेटीत शॉर्टसर्किट होऊन ठिणगी पडली, तर खालच्या दुचाक्या पेट घेतात आणि धूर सरळ जिन्यातून वर चढतो. बारा घरांना खाली यायचा तोच एक रस्ता. बायामाणसं, म्हातारी माणसं धुरात जिन्यावर अडकतात. शिवाय वीज कंपनीच्या माणसाला रीडिंग घ्यायला किंवा कुणाला घाईत मेन स्विच बंद करायला हात पोचला पाहिजे. स्कूटी आजच तिथून हलवा. दुचाकीला जेमतेम एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब जागा लागते, कंपाउंडच्या भिंतीलगत ती निघेल. काकांशी बोलायला जाण्याआधी हलवलीत, तर तुमच्या बोलण्यालाही वजन येईल.

तुमच्यासारखी पत्रं मराठवाड्यातल्या इतर गावांहूनही येतात, म्हणून थोडं सगळ्यांसाठी लिहिते. कारसाठी धरलेली जागा साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. मोठ्या गाड्या पावणेदोन-पावणेदोन मीटरच्याही वर रुंद असतात. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून दार उघडायला फार तर पाऊण मीटर उरतं. तुमची गाडी एक वीतभर तिरकी लागली, की शेजारच्या माणसाला पलीकडच्या दारातून चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना ते जमत नाही. म्हणून आखलेल्या रेषेच्या मधोमध लावा, आणि भिंतीकडच्या बाजूला बसणाऱ्यांना गाडी आत घेण्याआधी उतरवून घ्या. ज्यांची गाडी मोठी आहे त्यांना कडेची जागा द्यावी, हे मीटिंगमध्ये ठरवता येतं.

ऑफिसं आणि बँकांच्या आवारात आपल्याकडे उन्हाळ्यात वेगळाच पेच असतो. पारा चाळीसच्या वर, आवारात एकच कडुलिंब, आणि त्याच्या सावलीत चार गाड्यांच्या जागेत सात गाड्या. आतली गाडी कुणाची आणि बाहेरची कुणाची, कुणालाच माहीत नसतं. सावलीचा मोह मला समजतो, तापलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. पण दुसऱ्याला कोंडून सावलीत लावायची असेल, तर काचेच्या आत मोबाईल नंबर दिसेल असा ठेवा, आणि तो नंबर उचला. फोन सायलेंटवर टाकून मीटिंगमध्ये बसायचं असेल तर गाडी उन्हात लावा.

दवाखाने आणि मंगल कार्यालयांबद्दल माझं मत ठाम आहे. दवाखान्याच्या दारासमोर माणूस उतरवायचा आणि गाडी लगेच पुढे घ्यायची. "दोन मिनिटांत येतो" म्हणून तिथेच सोडायची नाही, कारण आत गेल्यावर दोन मिनिटं कधीच दोन राहत नाहीत. अपंगांसाठी राखलेली जागा रिकामी दिसली तरी ती रिकामी नसते, तिच्यावर कुणाचा तरी हक्क असतो. लग्नसराईत कार्यालयासमोरच्या घरांची फाटकं अडतात. त्या घरातल्यांनी कुणाला शोधायचं, हजार पाहुण्यांत? यजमानांनी दोन पोरं सुरुवातीपासून बाहेर उभी करावीत, गाड्या ओळीत लावून घ्यायला आणि नंबर लिहून ठेवायला. वाजंत्रीवर एवढा खर्च होतो, त्यात हे सहज बसतं. सार्वजनिक रस्त्यावर कुणाच्या मालमत्तेच्या दारासमोर किंवा उभ्या गाडीला अडवून गाडी लावायला वाहनचालनाच्या 2017 च्या नियमांनी मनाई आहे, आणि तिथे वाहतूक पोलिसांना बोलावता येतं. बिल्डिंगच्या आवारातला प्रश्न मात्र आधी आपल्यालाच सोडवावा लागतो.

बिल्डिंगमध्ये पाहुणे येणार असतील, तर त्यांना गाडी कुठे लावायची ते गेटवर पोचण्याआधी फोनवर सांगा. पाहुण्यांना कुणाची जागा कोणती हे कळत नाही, आणि त्यांच्याशी भांडायला शेजाऱ्यांना अवघड जातं.

ताई, तुमच्या मीटिंगमध्ये एवढंच मागा: टँकर कोणत्या वारी, किती वाजता येणार, याचा कागद गेटवर लागावा. ती एक जागा सोडणाऱ्याला दुसरी कोणती मिळेल, हे जानेवारीतच ठरावं. आणि ज्या दिवशी टँकर नाही, त्या दिवशी रात्री दहानंतर हौदाजवळ गाडी लावायची मुभा असावी, म्हणजे काकांनाही सुटका आणि तुम्हालाही. शक्य असेल तर पावसाळ्यानंतर हौदाचं झाकण गेटजवळ सरकवता येईल का, किंवा गेटमधूनच पाणी भरायला पाइप बसवता येईल का, हे एखाद्या प्लंबरला दाखवून खर्च विचारा. पाइप बसला तर टँकरला आत यावंच लागणार नाही, आणि आठवी जागा परत मिळेल. हा खर्च बारा घरांत वाटला तर फार पडू नये.

काकांशी बोलणं झालं की मला कळवा. त्यांनी नाही म्हटलं तरी कळवा, समितीला द्यायच्या अर्जाचा मसुदा आपण मिळून लिहू.